नव्वद कॅमेरे आणि एक नजर

आत्याला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं होतं आणि चारी बाजूंनी नव्वद कॅमेरे तिच्याकडे टक लावून बघत होते. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढे डोळे नव्हते.

"आता राग," कॅमेरेवाला म्हणाला.

आत्याने राग दिला. खट्ट! नव्वदच्या नव्वद कॅमेरे एकदम वाजले.

"आता किंकाळी. आवाज नको काकू, नुसतं तोंड."

आत्याने आ वासला. खट्ट!

सकाळपासून बत्तीस चेहरे देऊन झाले होते. एवढे तर नवऱ्यानेही आयुष्यभरात पाहिले नसतील. आणि बत्तीस चेहरे घेऊनही शूटिंगची तारीख कुणी सांगत नव्हतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

तसं बघायला गेलं तर सगळं खापर त्या चार मिनिटांच्या फिल्मवर. भाचीने मोबाइलवर केलेली. भुताची, पण भूत म्हणून काही त्यात दिसतच नाही. आत्या खुर्चीत बसून स्वेटर विणतेय, विणता विणता त्याला तिसरी बाही फुटते, भाची विचारते, "हा कुणाला गं?" आणि आत्या मान वर करून तिच्या खांद्यामागे बघते. संपली फिल्म! पण त्या एका नजरेने बघणाऱ्यांची अशी गाळण उडाली, की धडधाकट माणसं दिवे लावून झोपायला लागली. मग ही कंपनी आली. अशा छोट्या फिल्मा आणि भुताचे गेम शोधून त्यांचे मोठे सिनेमे करणारी. दिग्दर्शक भाचीच.

"सिनेमात मीच आहे ना?" आत्याने निघताना विचारलं होतं.

"तूच तर आहेस सगळीकडे," भाची म्हणाली होती. ते 'सगळीकडे' काही आत्याच्या घशाखाली उतरेना.

तेवढ्यात कंपनीची बाई कागद घेऊन आली. "इथे सही करा आजी. तुमच्या चेहऱ्याचे हक्क. सिनेमा, गेम आणि पुढे जे काही निघेल त्यासाठी."

"पुढे म्हणजे? मी गेल्यावरसुद्धा?"

"तशी पद्धतच असते."

"असेल. मी शूटिंगला कधी यायचं?"

बाईने भाचीकडे पाहिलं. भाचीने स्वतःच्या बुटांकडे.

"आत्या, तुला कशाला दगदग? कॉम्प्युटर तुझा चेहरा लावून सगळं करेल. तू घरी आरामात बस."

"म्हणजे माझं तोंड कामाला जाणार आणि मी घरी?"

कॅमेरेवाल्याला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडवलं.

"तुला आधीपासून माहीत होतं," आत्या भाचीला म्हणाली.

"नाही गं, कालच..."

"कानाची पाळी लाल झालीय बघ. दुधाची बाटली फेकून 'मी नाही' म्हणायचीस, तेव्हाही व्हायची."

भाचीने केस कानावर ओढून घेतले.

"शेवटचा चेहरा राहिलाय," कॅमेरेवाला घाईघाईने म्हणाला. "ती फिल्ममधली नजर. ती मिळाली की काम झालं."

"आणि नाही मिळाली तर?"

"मग काय, तुम्हालाच आणावं लागेल," तो बोलून गेला आणि बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने जीभ चावली.

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "घ्या की. मी कुठे नाही म्हणतेय?"

तिने मान खाली घातली, बोटं विणल्यासारखी हलवली, आणि सावकाश वर बघितलं. कॅमेरेवाल्याच्या डाव्या खांद्यामागे.

कॅमेरेवाला गर्रकन मागे वळला. बटण दाबायचं राहिलंच.

"सॉरी. पुन्हा एकदा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईने त्याच्या हातातून बटण काढून घेतलं. "माणूस आहेस की कोण!" म्हणाली आणि ताठ उभी राहिली. आत्याने वर पाहिलं. बाई दोन श्वास टिकली, मग तिनेही मागे बघितलं. मागे भिंत होती, भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी होती, बाकी काही नव्हतं. बाईने तरी तिथे दोनदा बघितलं.

शेवटी भाची पुढे झाली. डोळे गच्च मिटून तिने बटण दाबलं. खट्ट!

सगळे कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी जमले. पडद्यावर एक म्हातारी बाई होती. बसची वाट बघत असावी, अशी.

"हे ते नाहीये," बाई म्हणाली. "आजी, तुम्ही मुद्दाम करताय."

"तेच आहे," आत्या म्हणाली. "माझ्या तोंडावर काही नसतं गं बाई. जे असतं ते बघणाऱ्याच्या मागे असतं."

बाईने कागद परत घेतला आणि रुक्षपणे म्हणाली, "सोमवारी नऊ वाजता शूटिंग. गाडी पाठवू."

खाली येऊन दोघी टॅक्सीसाठी थांबल्या. भाचीला राहवेना.

"आत्या, खरं सांग. तू नाटक करत होतीस ना? की तुला काही..."

"दिग्दर्शक तू. तूच ठरव."

टॅक्सी आली. भाची आधी आत शिरली. आत्या दार धरून वाकली आणि आत बघत तशीच उभी राहिली.

"सरक ना जरा."

भाची सरकली.

"अजून थोडी."

भाची पार पलीकडच्या दाराला चिकटली. "अगं, किती जागा लागते तुला?"

आत्या अलीकडच्या टोकाला अंग चोरून बसली. दार लावलं. मग मधल्या रिकाम्या जागेवर सवयीने ठेवलेली आपली पर्स तिने उचलली आणि मांडीवर घेतली.