आसनावरचा दगड

"भागोजी, सोमवारी मंडळी खणायला येतील. त्याआधी मला एक चोरी कबूल करायची आहे," आगाशे म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू बाहेर काढली.

भागोजी गुरव पायरीवर बसला होता. त्याची म्हातारी आई गोदा अंगणात डाव्या हाताने रातांबे कापत होती. तिला ऐकू कमी येई, म्हणूनच आगाशे तिच्यादेखत बोलायला धजले.

रुमालातून वीतभर लांबीचा काळा दगड निघाला, एका अंगाने झिजून तुळतुळीत झालेला. या दगडाने आगाशांना मुंबईत नाव दिलं, नोकरी दिली, खुर्ची दिली. नवाश्मयुगातली माणसं रत्नागिरीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर राहत होती, धान्य भरडत होती, असं त्यांनी १९२३ साली या एका दगडावरून मांडलं. झीज तिरकी आहे, तेव्हा वापरणारी बाई डावखुरी असावी, असंही लिहिलं. त्या वाक्याचं तर विलायतेत कौतुक झालं.

खोटी होती ती एकच ओळ. दगड सड्यावर मातीत हातभर खाली मिळाला, ही. खरं तर तो त्यांनी या वाडीच्या देवळातून उचलला होता.

त्या ओळीत ते बारा वर्षं अडकून पडले होते. दर बढतीबरोबर फास थोडा आवळायचा. मान वाढत होता आणि झोप उडत होती. आता तर त्यांच्या मुंबईच्या संस्थेने अख्खा सडा खणायचं ठरवलं होतं, तेही आगाशांच्याच देखरेखीखाली.

"तिथे काही निघणार नाही," आगाशे म्हणाले. "मग लोक म्हणतील, दगडच बनावट. माझं सगळं आयुष्य त्यावर उभं आहे. तू फक्त एवढं सांग, की हा तुमचा देव, पिढ्यान्‌पिढ्या इथेच पुजलेला. मी चोर ठरेन. ठरू दे. दगड खरा ठरला म्हणजे झालं."

बोलून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

भागोजीने दगड उलटासुलटा करून पाहिला. "कवा न्हेलात?"

"शिमग्यात. पालखी गावात फिरत होती, देवळात चिटपाखरू नव्हतं. तुम्ही पुढे वर्दीसुद्धा दिली नाहीत. देव गेला हे सांगायची लाज वाटली असेल, असं मी धरून चाललो."

"देव खय गेला नाय, सायेब." भागोजीचा आवाज मऊ झाला. "पालखी निघते ती देवालाच घेऊन. घराघरात फिरवतो आमी त्याला. तवा देवळात देव कुटला?"

"मग आसनावर होता तो?"

"आसन मोकळा ठेवू नये, म्हनून घरातला कायतरी आनून बसवतो. देव परत आला का उचलायचा. त्या साली उचलायला गेलो, तर जाग्यावर नाय."

भागोजी उठला, अंगणात गेला आणि आईच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "आये, तुजा वरवंटा गावला गो."

गोदाने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले, दगड डाव्या हातात घेतला, आणि तिचा अंगठा त्या तिरक्या झिजेत नेमका जाऊन बसला.