वाटीतली कॉफी

हात थरथरायला लागल्यापासून बाबा बाहेर जेवायला येतच नव्हते. आज कसेबसे या दाक्षिणात्य हॉटेलात आले. डोसा चवीने खाल्ला, पण चमच्यातलं सांबार शर्टावर सांडलं. वेटरने फडकं आणून दिलं.

"कॉफी?"

बाबांनी हात टेबलाखाली घेतला. "मला नको. पित्त होतं."

कॉफीशिवाय ज्यांचे डोळे उघडत नाहीत, ते बाबा!

वेटरने तरी तीन आणल्या. पितळी पेले, प्रत्येकाखाली खोलगट वाटी. ठेवताना त्याने ते असे आदळले की तिन्ही वाट्यांत कॉफी सांडली.

"अहो, जरा जपून!" आई म्हणाली.

"काकू, आमच्याकडे कॉफी सांडूनच देतात. वाटी त्यासाठीच तर असते."

बाबांचा हात हळूच वर आला. पेला उचलताना आणखी थोडी सांडली. त्यांनी सरळ वाटीच तोंडाला लावली.

"फक्कड! अजून एक आणा हो."

"धसमुसळा आहे मेला," आई पुटपुटली.

तेवढ्यात तो पलीकडच्या टेबलाकडे कॉफी घेऊन गेला. एका हातावर चार पेले, चारही काठोकाठ भरलेले. एकाही वाटीत थेंब नव्हता.