सहा नंबर

"चाचा, आज तिकडं. सहा नंबरला," मशीन लावणारा टेक्निशियन बद्रीनाथ म्हणाला आणि गयासच्या चपला त्यानं पायानंच कोपऱ्यातल्या पडद्याकडं सरकवल्या.

जैतुनबीच्या हातातला डबा हातातच राहिला. वर्षभर आठवड्यातनं तीनदा ती नवऱ्याला, गयासला, घेऊन खुलताबादहून एसटीनं या दवाखान्यात डायलिसिसला येत होती. कोणती मशीन कुणाची, हे तिला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एक ते पाच खिडकीच्या बाजूला, सगळ्यांसाठी. सहावी पडद्याआड, लाल पट्टीची. ती रक्तातल्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या, काविळीच्या पेशंटांसाठी. ज्याला ती कावीळ नाही त्याला या मशीनला लावू नये, असं भिंतीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

"बद्रीभाऊ, यांना कावीळ नाय. मागच्याच महिन्यात तपासलं की तुम्ही."

"माहितीय हो, चाची. आजच्या दिवस अडचण आहे. मशीन धुतलीय, काही होत नाही."

अडचण तीन नंबरच्या पलंगापाशी स्टुलावर बसली होती. एरवी तीन नंबरवर गयासचं झालं की त्याच मशीनवर बिडकीनचे कारभारी नावाचे पेशंट लागायचे. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, सकाळीच बद्रीनाथला बाजूला घेतलं होतं. आवाज मात्र बाजूला घेतला नव्हता, तो हॉलभर पोचला. "ते लोक काय काय खातात, सगळे एका ताटात हात घालतात. त्यांच्या मागून आमच्या माणसाला नका लावू, भाऊ. रक्ताचा मामला हाय." कारभारी खिडकीतून बाहेर बघत राहिले. ईदला याच माणसानं जैतुनबीच्या शीरखुर्म्याची वाटी बोटानं निपटून खाल्ली होती, आणि तेव्हा त्याला ताट आठवलं नव्हतं.

जैतुनबीच्या तोंडाशी आलं होतं, पण तिनं गिळलं. भांडून काय, उद्या मशीनच नाही म्हणाले तर? तीन महिन्यांवर ऑपरेशन होतं. तिची किडनी नवऱ्याला जुळली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तोवर यांचं रक्त साफ राहू द्या आणि तुमच्या अंगात रक्त वाढवा." साफ ठेवणं बद्रीनाथच्या हातात होतं. वाढवायचं काम तिच्याकडं होतं, आणि ते ती इमानानं करत होती. पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे. नको होईपर्यंत खायची.

"जाने दे, जैतुन," गयास म्हणाला. "एक दिन की तो बात है."

एका दिवसाचे तीन महिने झाले. कधी तीन नंबर बिघडलेली असायची, कधी गर्दी असायची. कधी बद्रीनाथ हसून म्हणायचा, "चाचा, तुमच्यासाठी स्पेशल रिकामी ठेवलीय, बघा." जैतुनबी दर खेपेला विचारायची, दर खेपेला पडदा ओढला जायचा. पडद्याआडून गयासचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

ऑपरेशनच्या आधी दोघांचंही रक्त तपासायला गेलं. चौथ्या दिवशी बद्रीनाथनं गयासची फाईल उघडली.

"पॉझिटिव्ह आलंय, चाचा. रक्तातली कावीळ. ऑपरेशन आता होत नाही. आधी काविळीचं औषध, मग पुढचं पुढं, असं डॉक्टर म्हणाले."

गयासनं वर केलेली बाही हळूहळू खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला लागला. ते त्याला लागेना.

तीन नंबरपाशी वच्छलाबाई नवऱ्याकडं वाकली. "बघा, मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं का नाय? देवानं वाचवलं आपल्याला."

बद्रीनाथ फॉर्म भरत होता. 'लागण कुठून' असा एक रकाना होता. त्यात त्यानं 'घरून' असं लिहिलं.

"घरून?" जैतुनबी पुढं झाली. "घरात कुणाला हाय?"

"आता ते मला काय ठाऊक, चाची. तुम्ही लोक एका ताटात जेवता."

"जेवतो," जैतुनबी म्हणाली. "तीस वर्षं झाली, यांच्याच ताटात जेवते मी." पदराखालून तिनं आपला रिपोर्ट काढला आणि त्याच्या फॉर्मवर ठेवला. "मग माझं साफ कसं आलं, भाऊ? तुम्हीच वाचा."

बद्रीनाथनं वाचलं. कारभारींनी डोळे मिटून घेतले.

"नशीब तुमचं," बद्रीनाथनं कागद परत केला.

"नशीब नाय. त्या सहा नंबरचं लिहा तिथं. तीन महिने तुम्ही यांना तिथं लावलं, ते लिहा."

"असं कसं लिहू?" बद्रीनाथचा आवाज अजिबात चढला नाही. लहान मुलाला समजवावं तसं त्यानं पेनानं भिंतीकडं दाखवलं. "ज्याला कावीळ नाही, त्याला सहा नंबरला लावतच नाहीत, चाची. तसा नियमच आहे. वाचा ना."

मग त्यानं ड्रॉवरमधून लाल पट्टी काढली, दातानं तोडली, गयासच्या फाईलवर चिकटवली आणि अंगठ्यानं नीट दाबली. उठून पडद्यापाशी गेला. आज पहिल्यांदा त्यानं पडदा स्वतः धरून ठेवला.

"या, चाचा," तो म्हणाला. "आता काही तक्रार नाही ना? आता जागा बरोबर आहे."