उद्या चारला

चार वाजले. धाकट्याने रेडिओ लावला, दादाच्या स्टेशनचं सांकेतिक नाव कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि पाठवलं. रेडिओ चिवचिवला. दादाच्या गावाहून लगेच उत्तर आलं, पडद्यावर अक्षरं उमटली: "ऐकू येतंय. सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. उद्या चारला."

दादाला जाऊन महिना झाला होता.

पलीकडचा कॉम्प्युटर आपोआप उत्तर देतोय, हे न कळण्याइतका धाकटा खुळा नव्हता. इस्पितळात जाताना दादाने तशी सोय करून ठेवली असणार. दादा मुळातच मोजूनमापून बोलणारा, जिवंतपणीही त्याने याहून चार शब्द जास्त खर्चले नव्हते. पलीकडून कोणी पाठवत नसलं की कॉम्प्युटर रेडिओच्या खरखरीचीच अक्षरं करून दाखवायचा. ती वाचायची नसतात, रिकामटेकड्या हवेची बडबड ती, हे दादानेच पूर्वी शिकवलं होतं.

आईच्या शेवटच्या दुखण्यात धाकटा फिरकला नाही, तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. उरला होता एवढा रेडिओ. गेल्या वर्षी त्यावरच त्याने एकदाचं लिहून टाकलं, "आईच्या वेळी चुकलं माझं. माफ कर." उत्तरात 'सगळं ठीक' होतं. त्या दोन शब्दांवर तो वर्षभर सुखाने झोपला होता.

फोन वाजला. वहिनी होत्या.

"भावजी, माडीवरची खोली भाड्याने देतेय. वरच उभी आहे. हे यंत्र बंद करू ना?"

"राहू द्या की वहिनी. रोज उत्तर येतं त्यावरून."

"काय म्हणतात?" वहिनींचा आवाज हलला. त्याने वाचून दाखवलं.

"गुडघा?" वहिनी म्हणाल्या. "अहो, गुडघ्यापायीच तर जिना सुटला यांचा. दोन वर्षांत माडीवर पाऊल नाही ठेवलं. म्हणायचे, चालू राहू दे ते, म्हणजे फोन नाही करायचा तो."

फोन खांद्याशी दाबून धरत धाकट्याने घाईघाईने टाइप केलं, "दादा, माफ केलंस का?" आणि पाठवलं.

"केलं हो बंद," वहिनी म्हणाल्या.

रेडिओ खरखरू लागला. पडद्यावर भलतीसलती अक्षरं उमटत गेली. धाकट्याने चष्मा पुसला आणि ती एकेक करून वाचायला घेतली.