केशरी ओघळ

अर्कान्सासच्या त्या पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळणाऱ्या लोरीनसाठी क्लिंटने स्वस्तातलं छोटं पिस्तूल घेतलं. बायको सुरक्षित आणि स्वतःची झोप निवांत, असा त्याचा दुहेरी फायदा. पिस्तूल तिच्या मुठीत छान बसलं, पण नेम धरायची खूण काळीकुट्ट, चटकन दिसेना; तिने त्यावर केशरी नेलपॉलिश लावलं, तर ओघळ नळीच्या तोंडापर्यंत आला.

"अगं, पिस्तूल आहे की नवरी?"

"नेम चुकला तर दुसरी बायको इतक्या स्वस्तात मिळायची नाही हो!"

पंपाच्या मालकाला नोकरांकडे हत्यार चालत नसे, म्हणून पहिल्याच दिवशी ते बाहेर तिच्या पिकअप गाडीच्या कप्प्यात राहिलं. गाडीला कुलूप लावायची त्या गावात रीतच नव्हती.

संध्याकाळी तोंड बांधलेला एक माणूस आत आला. "बाई, गल्ला उघडा."



रोखलेल्या नळीच्या तोंडाशी केशरी ओघळ होता: पैसा क्लिंटचा, रंग लोरीनचा आणि नेमही लोरीनवरच.