सरळ रेघ

पडद्यावरची रेघ हललीच नाही.

मुलीच्या दोन बोटांना वायरी लावल्या होत्या. वय चौदा. बापाच्या हातावर तापलेली इस्त्री टेकवली म्हणून सुधारगृहात आलेली. मानसतज्ज्ञ मॅडमनी तिला रडणारं तान्हं बाळ दाखवलं, गाडीखाली सापडलेलं कुत्रं दाखवलं. शेवटी बापाच्या भाजलेल्या हाताचा फोटो समोर धरला. नऊ वर्षांत त्यांनी भलेभले निगरगट्ट तपासले होते. कुठे ना कुठे रेघ उसळायचीच. ही पोर मात्र भिंतीकडे बघावं तशी फोटोकडे बघत राहिली.

मन हललेलं दिसलं तर घरी, नाहीतर अठरा पूर्ण होईपर्यंत इथेच, असं ठरलं होतं. मॅडमनी जड मनाने लिहिलं : भावनिक प्रतिसाद नाही.

बाहेर बाकावर आईबाप बसले होते. मॅडमना बघताच बाप उठून उभा राहिला. पट्टी बांधलेला हात पुढे करून म्हणाला, पोटची पोर आहे, चुकली, मी कधीच सगळं पोटात घातलंय, तेवढी घरी पाठवा. मॅडमना गलबलून आलं. असा बाप असून पोरीला पाझर फुटू नये, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी निकाल सांगितला, तसं त्याच्या चेहऱ्यावरचं आर्जव एकदम पुसलं गेलं. तो सही करायला ऑफिसात गेला.

आई जागची हलली नाही. मॅडम तिच्या शेजारी टेकल्या. धीर धरा म्हणाल्या. दर महिन्याला भेट मिळेल, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीही करता येईल.

"पुन्हा नका तपासू, ताई," आई हळूच म्हणाली. "एकदा जमलं तिला. दर वेळी जमेलच असं नाही."

मॅडमना काही कळेना. काय जमलं, त्यांनी विचारलं.

"मार पडताना मन दुसरीकडे कसं न्यायचं, ते. मीच शिकवलंय तिला."

ऑफिसातून नवऱ्याची हाक आली. ती लगबगीने उठली, बाही मनगटापर्यंत ओढली आणि दाराकडे नजर ठेवून घाईघाईने म्हणाली,

"मागच्या भेटीत तिला बजावलं होतं, काहीही दाखवू देत, तसंच कर. म्हणजे ते तुला घरी पाठवणार नाहीत."