बिननावाची ताटं

ताट पुढं करायचं आणि नाव घ्यायचं नाही, हे व्हिओरिकाला काही केल्या जमेना. पहिल्याच टेबलापाशी तिची जीभ अडखळली. तिथल्या बाईनं वर बघितलं तशी ती घाईघाईनं म्हणाली, "नवऱ्याचा वाढदिवस आहे. घ्या ना." बाई खूश झाली. तिच्या माणसांनी ग्लास उंचावले आणि लांब झाडाखाली बसलेल्या डोरिनला शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं.

डोरिन कसंनुसं हसला. त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.

माद्रिदबाहेरच्या त्या बागेत रविवारी निम्मा रोमानिया जेवायला लोटतो. पाईनच्या सावलीत दगडी टेबलं, शेगड्यांचा धूर, कुणाच्या तरी गाडीतून ठणाणणारी गावाकडची गाणी. व्हिओरिकानं ही जागा मुद्दाम निवडली होती. आज तिच्या भावाचा चाळिसावा दिवस होता. चाळिसाव्याला त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं ताटं वाटतात. देणाऱ्यानं नाव घ्यायचं, घेणाऱ्यानं 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं, तेव्हा कुठे तो घास त्याला पोचतो. नाव घेतलं नाही तर ते नुसतं जेवण. स्पॅनिश शेजाऱ्यांना देऊन उपयोग नाही, त्यांना उलट काय म्हणायचं तेच ठाऊक नसतं. आपली माणसं हवीत. आपली माणसं इथं ढिगानं होती.

पण आईही इथंच होती. डोरिनच्या शेजारी, घडीच्या खुर्चीवर. नाव सांगितलं की टेबलावरची सगळी ते मोठ्यानं उच्चारणार आणि आईच्या कानी जाणार.

भाऊ परांचीवरून पडला त्याच आठवड्यात आई तिकडे गावाकडच्या दवाखान्यात होती. हृदयात जाळी बसवलेली. पुन्हा धक्का बसला तर सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग व्हिओरिकानं भावाला इथंच पुरलं आणि आईला फोनवर सांगितलं, तो नॉर्वेला गेलाय, मासेमारीच्या बोटीवर, तिथं फोन लागत नाही. आईनं दोनतीनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. पटलं असावं, व्हिओरिकाला वाटलं. आणि मग कुणाचं न ऐकता आईनं तिकीट काढायला लावलं, ते याच आठवड्याचं. आली ती लेकीच्या मागं सावलीसारखी. स्वयंपाकघरात मागं, दुकानात मागं. चर्चमध्ये ताटं न्यावीत तर तिथंही आलीच असती. शेवटी ही सहलीची युक्ती निघाली.

दुसऱ्या टेबलावर पुन्हा वाढदिवस झाला. तिसऱ्यावर तर लोक गायला लागले. व्हिओरिका रिकाम्या हातानं परत आली तेव्हा डोरिन पांढराफटक पडला होता.

"मेलेल्याची ताटं माझ्या नावावर खपवतेस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "उद्या मला काही झालं म्हणजे?"

"आणि आज आईला काही झालं म्हणजे?"

ती पुढची ताटं भरू लागली. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, पावाचा जाड तुकडा, आणि मेलेल्याच्या ताटात ठेवतात ती बारीक मेणबत्ती, रुमालाखाली आडवी दडवलेली. भावाला हे कोबीचं जेवण फार आवडायचं. पातेल्यातून चोरून खायचा आणि नाव हिच्यावर घालायचा. तिला एकदम भडभडून आलं. एवढं रांधलं, आणि त्याच्यापर्यंत एक घास जात नाही. मनातल्या मनात नाव घेतलेलं चालतं का, हे तिला कुणाला विचारताही येत नव्हतं.

आई म्हणाली, तोंडावर ऊन येतंय. तिनं खुर्ची उचलायला लावली आणि थेट बाजूच्या टेबलाला खेटून जाऊन बसली. त्या टेबलावर एक म्हातारा एकटाच कांदा सोलत होता. तोवर व्हिओरिकाकडे ताट एकच उरलं होतं. आसपासच्या सगळ्यांना देऊन झालं होतं.

व्हिओरिकानं ते म्हाताऱ्यासमोर ठेवलं. "घ्या आजोबा. नवऱ्याचा वाढदिवस आहे."

म्हाताऱ्यानं रुमाल उचलला. मेणबत्ती बघितली. मग डोरिनकडे बघितलं.

"नवरा तर तिथं बसून जेवतोय," तो म्हणाला. "पोरी, हे ताट कुणाच्या नावाचं?"

तिनं मान खाली घातली. आई हाताच्या अंतरावर होती. नुसतं एक नाव, पण ते उच्चारलं की आई इथल्या इथं कोसळेल. नाही उच्चारलं तर भावाचं हे शेवटचं ताटही वाया.

म्हाताऱ्यानं ताट परत तिच्याकडे सरकवलं. रागावून नव्हे, हळूच. "नावाशिवाय मी खाणार नाही. कुणाच्या तोंडचा घास अडवायचा नाही मला."

खुर्ची करकरली. आई दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेत उभी राहिली. व्हिओरिका तिला धरायला धावली, तर आईनं तिचा हात बाजूला केला, ताट उचललं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"इलिये," आई म्हणाली. "माझा मुलगा."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "देव इलियेला क्षमा करो," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

व्हिओरिका आईकडे बघत राहिली. आईनं पदराआडून काढावा तसा बाहीतून रुमाल काढला, लेकीचं तोंड पुसलं, आणि तिला खांद्याला धरून मागच्या टेबलांकडे वळवलं.

"आता जा, त्या सगळ्यांना त्याचं नाव सांगून ये. चाळीस दिवस झाले, पोर उपाशी असेल."